पुलावरची जपानी बाई

गोष्ट हातात आली की आधी शेवटचं पान वाचायचं, ही माझी लहानपणापासूनची खोड. शेवट गोड आहे हे कळलं की मधली रडारड मी निवांत वाचायची. जपानी गोष्टींनी मात्र मला चांगलंच तोंडघशी पाडलं. त्यांचं शेवटचं पान आधी वाचा की नंतर, हाती काहीच लागत नसे.

या गोष्टी एका मासिकात यायच्या, इंग्रजीवरून मराठीत केलेल्या. वडील नंदुरबारच्या बाजाराहून रनाळ्याला परतताना माझ्यासाठी ते मासिक वाचनालयातून आणत. मोठी लढाई अजून सुरू व्हायची होती. जपान म्हटलं की आम्हाला बाजारातली स्वस्त खेळणी आणि छत्र्या तेवढ्या ठाऊक. खेळणं घरी येईपर्यंत टिकलं तर नशीब.

उन्हाळ्यात दुपारी पेरणीसाठी शेंगा फोडायला घरातल्या आणि शेजारच्या बायका ओसरीच्या आतल्या खोलीत बसत. मी वाचून दाखवायची. त्यांत माझी फुई, म्हणजे वडिलांची धाकटी बहीण, होती. होळीच्या आधी ती एकटीच नवापूरहून, सासरहून आली होती, ती परत गेलीच नव्हती. आमच्याकडे माहेरी आलेल्या लेकीला ‘का आलीस’ असं विचारत नाहीत. तसं विचारणं म्हणजे ‘कधी जाणार’ असंच विचारणं. त्यामुळे सगळे तिला जेवायचा आग्रह करायचे आणि बाकी गप्प. तिच्या यजमानांचा, आमच्या फुवांचा निरोप आला होता, पुढच्या बाजारी न्यायला येतो म्हणून. वडिलांनी परस्पर होकार कळवून टाकला होता. फुई शेंगा फोडत होती.

त्या दुपारी मी वाचलेल्या गोष्टीत एक बाई घरातून निघते. रात्रीची वेळ, बर्फ पडतंय. पुलाच्या अलीकडे नवऱ्याचं घर, पलीकडे आईचं. मधोमध ती थांबते. छत्रीवर साचलेलं बर्फ झटकते. गोष्ट संपली.

‘संपनी कशी?’ शेजारची काकू म्हणाली. ‘ती बाई ते आजून पुलवरच उभी शे!’

‘जपानना माल शे तो, टिकस कोठे!’ आई म्हणाली, आणि सगळ्या खो खो हसल्या.

मी पान उलटून पाहिलं. पुढे दंतमंजनाची जाहिरात होती. मग जी वादावादी झाली, ती मला अजून आठवते. आईच्या मते ती मुकाट्यानं नवऱ्याकडे परतली असणार. काकूच्या मते थंडी इतकी, की जे घर जवळ त्याच घरी गेली असणार. मला वाटत होतं ती आईकडे गेली, पण तसं का वाटतं ते सांगता येईना. बर्फ कसं असतं इथपासून पूल केवढा इथपर्यंत सगळी चौकशी झाली. परक्या देशातल्या त्या बाईबद्दल आमची जीभ कशी भराभर सुटली होती!

मग फुईनं विचारलं, ‘ती घर सोडीसन निंघनी काबरं, ते लिखेल शे का?’

नव्हतं लिहिलेलं. मी तसं सांगितलं. कोणालाच ते विचारायचं सुचलं नव्हतं. फुईच्या हातातल्या शेंगा तशाच राहिल्या होत्या. आईनं तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

आईनं ते रात्री वडिलांना सांगितलं असावं. बाजाराच्या दिवशी फुवा बैलगाडी घेऊन दारात आले, तेव्हा फुईचं गाठोडं बांधून तयार होतं. वडील त्यांना पाणी देऊन आत आले आणि तिच्यासमोर पाटावर बसले. जन्मात पहिल्यांदाच ते असे अवघडलेले मी पाहिले.

‘बाई,’ ते म्हणाले, ‘तू काबरं उनी?’ का आलीस, हे घरात तिला पहिल्यांदाच कोणी विचारत होतं.

फुईचे डोळे भरले. ‘लेकरू गयं तैपशी तो मन्हासंगे एक शबद बोलना नही, दादा.’ एवढंच ती म्हणाली. तिचं तान्हं आदल्या पावसाळ्यात गेलं होतं. त्याबद्दल आम्हीही तिच्याशी कधी बोललो नव्हतो.

वडील बाहेर गेले. ‘आज नही धाडत,’ एवढंच त्यांनी फुवांना सांगितलं. आता भांडण होणार म्हणून मी दाराशी जीव मुठीत धरून उभी. फुवांनी मान डोलावली, राहिलेलं पाणी प्यायले, भांडं खाली ठेवलं आणि गाडीत जाऊन बसले. गाडी वळली.

वडील आत आले ते चक्रावलेलेच. ‘काबरं, इतलं बी त्यानी ईचारं नही,’ ते म्हणाले.

फुई गाठोडं सोडत होती. ‘तेच ते मी सांगं, दादा,’ ती म्हणाली.