दोरीवरची काठी

बाळांनो, तुमच्या आजोबांची काठी अजून मागच्या व्हरांड्यात कपड्यांच्या दोरीवरच आहे, त्यांनी शेवटची मुठीने अडकवली तशी. दारात तिची टकटक आली की मी डोक्यावर पदर घ्यायचे. परळीत औष्णिक वीज केंद्राची राख सगळ्यावर बसते. मी रोज घर पुसते. ती काठी तेवढी पुसत नाही.

शेजारच्या मेकॅनिकची मुलगी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. सैद्धांतिक भौतिकशास्त्राचा पेपर तिला जड जातो, आणि मी कॉलेजात हेच शिकवायचे, म्हणून दुपारी माझ्याकडे येते. परवा जोडलेल्या लंबकांचं प्रकरण होतं. समीकरणं सुटली, पण तिचा विश्वास बसेना. मग त्याच दोरीला सारख्या लांबीच्या सुतळीने दोन तांबे टांगले आणि एकाला झोका दिला. तो हळूहळू मंदावला, आणि कुणी न शिवलेला दुसरा हलू लागला.

आम्ही त्याच्याकडेच बघत होतो. तेवढ्यात तिची आई तिला न्यायला आली आणि उंबऱ्यातच थबकली.

"मावशी, काठी कुणी हलवली?"

दोरीच्या टोकाला काठी झुलत होती. तिच्यावर राखेचा थर तसाच, बोटाचा एकही ठसा नाही. खाली फरशीवर मात्र बारीक राख झडत होती. माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू.

"चल गं घरी. हितं न्हाई यायचं आता."

"अम्मी, परीक्षा तोंडावर आलीय!"

"येऊ दे. मावशी, आधी ती काठी काढा. मग धाडते हिला."

मी उठले, पण हात पुढे होईना.

मुलगी काठीकडे टक लावून पुटपुटली, "दांड्याचा लंबक... त्याच्या लांबीच्या दोन तृतीयांश सुतळीएवढा झुलतो." मग एकदम म्हणाली, "आजी, आपली सुतळी नेमकी तेवढीच पडलीय! काठीची आणि तांब्यांची लय एक झाली. अम्मी, सुतळी आखूड करते, मग काठी हलली तर मी पुन्हा येणार नाही."

दोन्ही सुतळ्या वीतभर आखूड केल्या. काठी थांबल्यावर तिने तांब्याला झोका दिला. तांबे आपसात झोका देत-घेत राहिले. काठी जागची हलली नाही म्हटलं तरी चालेल.

आईने उंबरा ओलांडून तांब्यांकडे बोट केलं.

"हे पेपरात इचारतात?"

"हेच विचारतात."

"लई वंगाळ पेपर हाय मग. ये उद्या. पण दिवस बुडायच्या आत घरी."

त्या गेल्यावर मी सुतळ्या पुन्हा पहिल्याइतक्या सोडल्या, तांब्याला झोका दिला आणि खुर्चीत बसले. गणित मला येतं. तरी काठी झुलू लागली, तसा मी डोक्यावर पदर घेतला.