केशोरीच्या पुढे, आंब्याची पूजा व्हायच्या आधी

जायचं ठरलं ते एका पत्रामुळे. मी नागपूरच्या एका कॉलेजात भूगोल शिकवते. बारावीनंतरही शिकता येतं, वसतिगृह आहे, शिष्यवृत्ती आहे, हे सांगायला आम्ही दर उन्हाळ्यात आदिवासी गावांत जातो. २०१२ च्या मे महिन्यात केशोरीच्या पुढच्या एका गोंड वस्तीतून सरिता मडावीचं चार ओळींचं पत्र आलं. गावातून बारावीची परीक्षा दिलेली ती पहिलीच मुलगी. शेवटची ओळ होती, "मला शिकायचं आहे, पण तुम्ही एकदा घरी या." मी बॅग भरली. रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून आंब्यांची एक टोपलीही घेतली.

तुम्हाला जायचं असेल तर नागपूरहून सकाळची एसटी धरा. साकोली मागे पडली की कोहमारा येतं. तिथल्या ढाब्यावर पोटभर जेवून घ्या, पाण्याच्या बाटल्या भरा आणि सुटे पैसे जवळ ठेवा, कारण पुढे एटीएमची आशा धरण्यात अर्थ नाही. आमच्या कॉलेजातले क्लार्क कटरेभाऊ मूळचे गोरेगावचे. सुटीत घरी आले होते, ते मोटारसायकल घेऊन ढाब्यावर हजर होते. टोपली बघून म्हणाले, "आंबे काऊन आनले, मॅडम? तिकडं आंब्याचीच झाडं हायेत."

"नागपूरचे आहेत हो. गोड आहेत."

"बरं बापा," म्हणाले आणि टोपली आमच्या दोघांच्या मधे बांधून टाकली.

उन्हं कलल्यावर निघालो. नवेगावबांधच्या पुढे रस्ता जंगलात शिरला आणि मला बोलायचं सुचेना. माझ्या ओळखीचे लोक यावर विश्वास ठेवणार नाहीत. पानं झडलेली सागाची झाडं, मधेच पळसाची कोवळी पालवी, कुठूनतरी येणारा वाळत्या मोहफुलांचा गोड, जड वास. गाडी चालते आहे की रस्ताच मागे सरकतो आहे, हे कळेनासं झालं होतं. केशोरीला कटरेभाऊंच्या आतेबहिणीकडे मुक्काम केला. भात, उडदाची डाळ, तळलेल्या छोट्या मासोळ्या. अंगणातल्या खाटेवर मी लहानपणानंतर पहिल्यांदाच इतकी गाढ झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीवर पोचलो. सरिता सडसडीत, हसताना तोंडावर पदर धरल्यासारखा हात धरणारी. तिचे वडील मनीराम आंबील घेऊन आले. मी आपली सुरू झाले. फॉर्म काढला, खाटेवर पसरला, आणि आवाज खाली आणून म्हणाले, "दादा, गावात आत्ताच कुणाला सांगू नका. उगीच दहा तोंडं, दहा फाटे. फॉर्म भरू, निकाल लागला की परस्पर प्रवेश घेऊन टाकू. वसतिगृहात एक जागा मी धरून ठेवली आहे, परवापर्यंत नाव कळवायचं आहे." उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय.

मनीराम फॉर्मकडे बघत राहिले. सही केली नाही, नाहीही म्हणाले नाहीत. टोपली सरिताने दोन्ही हातांनी उचलली आणि आत नेऊन फडक्याखाली झाकून ठेवली. घरातली पोरं टोपलीभोवती घुटमळत होती, पण एकानेही हात लावला नाही. मी म्हटलं, "अरे घ्या की." पोरं पळाली. मला राग आला, खरं सांगते. एवढ्या लांबून आणलेले आंबे, एवढी खटपट, आणि कुणाला त्याचं काही नाही.

दुपारी एका मोठ्या आंब्याखाली पडले होते. वारा पडलेला, सावली तेवढी हलत होती. सरिता शेजारी येऊन बसली.

"मडम, राग आला काय?"

"आला."

"आमच्या गावात पूजा झाल्याबिगर नवा आंबा कोनी खात नाई. पयले देवाले, पुरखायले, मंग साऱ्या गावाले. उद्या हाय पूजा." मातीत रेघा ओढत ती म्हणाली, "तुमी मले बी तसंच न्याले आले ना. चुपचाप."

मी उठून बसले.

"मले जाचं हाय," ती म्हणाली. "लय जाचं हाय. पन चोरून गेली तं मले परत याले गाव पायजे ना?"

मला लाज वाटली. वीस वर्षं मुलांना नकाशात गावं दाखवणारी मी, आणि मला हे कळू नये. सही आज मिळाली नाही तर जागा जाईल, हीच माझी काळजी होती. तिची काळजी वेगळीच होती.

तिसऱ्या दिवशी उजाडताना सगळी वस्ती देवाच्या साजाच्या, म्हणजे ऐनाच्या, झाडाखाली जमली. धुकं नव्हतं, पण चुलींचा धूर खाली उतरून झाडांमधे अडकला होता, आणि त्यातून माणसं एकेक करून येत होती, प्रत्येक घराचा एक आंबा हातात घेऊन. गावाची पूजा करणारे म्हातारे भुमका गोंडीत पुटपुटत होते. मला एक शब्दही समजत नव्हता, तरी ते संपूच नये असं वाटत होतं. आंबे कापायच्या आधी मनीराम उभे राहिले आणि पोरीचा विषय काढला.

भुमकांनी मराठीत विचारलं, बहुधा माझ्यासाठी, "जातेस काय, सरिता?"

"जातो म्हनतो, आजा."

एक म्हातारी ताडकन म्हणाली, "शिकलेली वापस येत नाई. कायले सोडता?"

मी बोलायला तोंड उघडलं आणि कटरेभाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं की मिटलं.

सरिता म्हणाली, "येईन का नाई, मले आज ठाव नाई, आजी. खोटं काऊन बोलू? पन विचारून जाऊन राहिली."

म्हातारीने हातातला आंबा बाकीच्या आंब्यांत ठेवला. मग म्हणाली, "विचारून जाते तं जाऊ दे."

देवाचं झाल्यावर भुमकांनी पळसाच्या पानावरची पहिली फोड सरिताच्या हातावर ठेवली. "पयली गेली का साऱ्यायले मोकळं," ते म्हणाले. फोडी गावभर फिरल्या. माझीही टोपली आली. उकाड्याने निम्मे आंबे काळे पडले होते, उरलेले पोरांनी कोपरापर्यंत रस ओघळेस्तोवर खाल्ले. मनीरामांनी तिथेच मांडीवर फॉर्म ठेवून सही केली. परतताना कोहमाऱ्याच्या ढाब्यावरून फोन करून मी नाव कळवलं. सरिता पास झाली आणि जुलैत वसतिगृहात आली. तिला सोडायला चौदा माणसं आली होती, त्यात ती म्हातारीही. रेक्टरबाई घाबरल्या, आणि मला हसू आवरेना.

घरी आल्यावर काय उरलं म्हणाल तर तो धूर, ती जमलेली माणसं, आणि एक सवय. यंदा बाजारात आंबे आले. नवऱ्याने कापून बशी समोर ठेवली. मी म्हटलं, राहू दे. तो म्हणाला, "बरी आहेस ना?" आठ दिवस बशी पुढे आली की मी मागे सारत होते. सरिता सुटीला गावी गेली होती.

नवव्या दिवशी फोन आला. गावात रेंज नाही, त्यामुळे ती कुठल्यातरी टेकाडावर चढली असणार, धाप लागली होती.

"मडम, पूजा झाली. आता खा."

"बरं."

"अन् दोन फारम पाठवा. एक शेजारच्या पोरीले, अन् त्या आजीची नातीन बी येतो म्हनते."