डाव्या चाकाकडे वळलेली लोकर

माझं पोट हवेवर चालतं, असं माझी बायको नेहा सगळ्यांना सांगते. मी मूळचा पुण्याचा, गेली अकरा वर्षं हैदराबादेत. धावत्या गाडीभोवती हवा कशी वाहते ते कॉम्प्युटरवर तपासायचं, हे माझं काम. भूतखेत, संकेत, दृष्टांत असले विषय निघाले की मी चक्क ताटावरून उठून गेलोय... उद्धटपणाच तो. म्हणून हे लिहिताना जरा लाजच वाटतेय.

नेहाचे बाबा - मी त्यांना मामा म्हणतो - हैदराबादेतल्याच मलकपेठचे. घराणं पिढ्यान् पिढ्या इथलंच, त्यामुळे त्यांच्या मराठीत दख्खनी मिसळलेली. वय अडुसष्ट. दोन वर्षांपूर्वी मामी गेल्या. त्यानंतर माणूस गप्पच झाला होता. आणि एका रविवारी जेवताना एकदम म्हणाले, "जावईबापू, आपली गाडी दोनशेला न्यायची. एकदाच."

गाडी म्हणजे रिटायर होताना त्यांनी हौसेने घेतलेली दणकट सेडान. आठ वर्षांची, पण नव्या नवरीसारखी जपलेली.

"रस्त्यावर नाही हं मामा."

"हौ, मी काय येडा आहे? धावपट्टी बोलून ठेवली मी."

शहरापासून दीड तासावर एक खासगी धावपट्टी आहे, हौशी लोकांना सकाळपुरती भाड्याने मिळते. हेल्मेट, आग विझवायचा सिलिंडर, कडेला अँब्युलन्स - सगळं रीतसर. मामांच्या डोळ्यांत इतक्या महिन्यांनी चमक दिसत होती, मग मीही हुरळून गेलो. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो, आणि तीच हवा गाडीची मागची बाजू वर उचलू पाहते. मागची चाकं हलकी झाली की गाडी कुठे जाईल सांगता येत नाही. म्हणून मी डिक्कीच्या झाकणावर एक पट्टी बसवली. ती नीट काम करते का, हे बघायची युक्ती फार जुनी आणि साधी आहे - लोकरीचे बोटभर तुकडे एका टोकाला टेप लावून गाडीच्या पत्र्यावर चिकटवायचे आणि वेगात ते कसे उडतात त्याचा व्हिडिओ काढायचा. नेहाने मामींच्या विणकामाच्या पिशवीतून पिवळा गुंडा काढून दिला. मामा तासभर एकेक तुकडा कापत बसले होते. एवढं जपून मी कुणाला लोकर कापताना पाहिलं नाही.

आदल्या दिवशी मी टायर तपासले. मागचा डावा तर एकदम कोरा!

"मागच्या हफ्त्यात पंक्चर झालं होतं, मग स्टेपनी लावली," मामा कौतुकाने म्हणाले. "आठ वर्षं डिक्कीत पडून होती, एकदा पण वापरली नाही. पहा, रबराचे केस पण तसेच आहेत."

मी हवेचा दाब मोजला, नक्षी बघितली आणि म्हणालो, चारांत हाच सगळ्यात चांगला. हवेचा एवढा मोठा जाणकार मी... रबराचं वय विचारायचं सुचलंच नाही.

सकाळी साडेसातला पहिली फेरी, एकशेवीसपर्यंतच. उत्तम झाली. मामा परत आले, इंजिन बंद केलं, हेल्मेट काढून पाणी प्यायले आणि म्हणाले, "आता खरी."

मी मागे जाऊन लोकर तपासायला लागलो. वारा अजिबात नव्हता, धावपट्टीच्या कडेचा वारा दाखवणारा कापडी मोजा काठीला लोंबत होता. गाडीच्या उजव्या अंगावरचे धागे सरळ खाली लटकत होते. पण डिक्कीवरचे सगळे धागे डावीकडे वळलेले. आणि डाव्या चाकामागचे धागे... खाली लटकत नव्हते. चाकाकडे तोंड करून आडवे, ताठ झाले होते. गाडी नुकती जोरात पुढे धावलेली, म्हणजे धागे मागे जायला हवेत. हे पुढे वळलेले!

मी हाताने खाली सारले. पुन्हा उठले. स्थिर वीज असेल तर उतरावी म्हणून पत्र्याला तळहात लावून ठेवला, पुन्हा सारले. पुन्हा उठले.

शेवटी मी गुडघ्यावर बसून त्या चाकामागून आत मान घातली. टायरच्या आतल्या बाजूला लिंबाएवढा फुगा आला होता, भोवती बारीक भेगा.

"मामा, चाक बघा," एवढं म्हणून मी वर पाहिलं, तर सगळे धागे निपचित पडलेले.

मामांनी फुगा पाहिला, पण माणूस इरेला पेटलेला. "एकच चक्कर. दीडशेपर्यंत. कायकू टेन्शन घेता?"

मग माझा तोल गेला. "गप्प बसा मामा! फुटला असता तर नेहाला काय सांगणार होतो मी? चावी द्या आधी!" जन्मात मी त्यांच्याशी असा बोललो नव्हतो. त्यांनी मुकाट्याने चावी दिली.

गाडी टेम्पोवर चढवून शहरात, कुकटपल्लीला आणली. टायरवाल्याने टायर उतरवून आतून बोट फिरवलं. "साब, अंदर से पूरा खुल गया. चलाओ, नक्को चलाओ, रबर बुड्ढा होताच है. और तेज जाते तो फट जाता."

मी ऑफिसात सगळ्यांना विचारून झालंय. स्थिर वीज म्हणावं, तर ती एकाच चाकाकडे कशी ओढेल? ब्रेकच्या उष्णतेने हवा वर जाते, आडवी नाही. वारा नव्हताच. नेहा म्हणते, आई होती. मी हो म्हणत नाही. पण नाहीही म्हणत नाही, आणि ताटावरून तर मुळीच उठत नाही.

मामांनी धाग्यांचा विषय कधीच काढला नाही. त्या संध्याकाळी चहा पिताना एवढंच म्हणाले, "सकाळी तुम्ही ओरडलात ना... बरं वाटलं. ती गेल्यापासून मला कुणी ओरडलंच नव्हतं. सगळे आपले म्हणतात, बाबा, तुम्हाला बरं वाटेल तसं करा." मी नुसता त्यांचा हात धरला.

ती लोकर तशी का वळली, मला आजही माहीत नाही. पण काल बीपी वाढलेलं असताना लोणच्याची बरणी घेऊन बसलेले दिसले, तेव्हा मी असा ओरडलो की शेजारी बाहेर आले. मामा दिवसभर खुशीत होते.