नातवाची न झालेली सुंता

मार्गशीर्षातल्या त्या सकाळी वैनगंगेवरचं धुकं कारध्यातल्या आमच्या अंगणापर्यंत चढून आलं होतं, नव्या तांदळाच्या भाताचा गोडसर वास घरभर दरवळत होता, आणि माझा पाच महिन्यांचा नातू डॉक्टरांच्या आज्ञेवरून उपाशी होता. अकरा वाजता नदीपल्याड भंडाऱ्याला त्याच्यावर एक लहानशी शस्त्रक्रिया व्हायची होती. दूध बंद झाल्याचा निषेध तो अशा काही स्वरात नोंदवत होता की पुलावरून जाणाऱ्यानेही थांबून चौकशी करावी.

शस्त्रक्रिया कुठली, हे सांगताना मात्र आमच्या सुसंस्कृत घराची जीभ आठवडाभर अडखळत होती. बाळाच्या लघवीच्या जागची कातडी मागे सरत नव्हती, लाल होऊन भेगाळली होती, आणि पहिल्या डॉक्टरांनी चिठ्ठी लिहितालिहिताच निकाल दिला होता, 'काढून टाकू, लहानपणी केलं की पुढची कटकट मिटते.' आमचे यजमान निवृत्त शिक्षक, आयुष्यभर मुलांना व्याकरण शिकवलेले. पण ते याला 'तो विषय' म्हणत, सून 'प्रोसिजर' म्हणे, आणि मी नुसतीच हनुवटीने दिशा दाखवी.

यजमानांनी मोबाइलवर या विषयाचा सखोल अभ्यास मांडला. काही डॉक्टर म्हणत, स्वच्छता राहते, आजार टळतात. काही विचारत, ज्याला हो-नाही म्हणता येत नाही अशा निरोगी लेकराच्या अंगाला हात लावण्याचा हक्क तुम्हाला दिला कुणी? यजमान दोन्ही बाजू मोठ्याने वाचत आणि शेवटी जी वाचली असेल ती त्यांना तंतोतंत पटे. त्यामुळे चहाच्या आधी ते एका पक्षात असत आणि चहानंतर दुसऱ्या.

अखेर त्यांचे जुने स्नेही रहीमभाई, बांगड्यांचे व्यापारी, सल्ल्यासाठी ओसरीवर आले आणि तो शब्द त्यांनी पहिल्यांदा मोकळेपणाने उच्चारला. "गुरुजी, सुंता आमच्यात रिवाज आहे, म्हून आमी करतो. आमचं कारण साफ आहे. तुमच्या डॉक्टरले कायले करा लागते?" यावर यजमानांनी पुन्हा चहा ठेवायला सांगितला.

मी वरवर ठाम होते. शिकलेला माणूस सांगतो म्हणजे काही विचार करूनच सांगत असणार, असं सुनेला बजावत होते. पण त्या इवल्याशा देहाला सुरी लागणार या कल्पनेने भंडाऱ्याच्या वाटेवर त्याला छातीशी धरून मी ठाऊक होते तेवढ्या देवांची नावं घेतली.

शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरबाई पांढऱ्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी बाळाला तपासलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "रोज कोन ओढून राहिलं हे?"

यजमान पंख्याकडे पाहू लागले. सून माझ्याकडे. आणि मी, खरं सांगते, शाबासकीच्या अपेक्षेने म्हणाले, "मीच जी! आंगोळ घालताना तेल लावून मांग सारतो. नाही त चिकटूनच राहते ना."

मुलाचं मी असंच केलं होतं, माझ्या सासूबाईंनी यजमानांचं. तीन पिढ्यांची ही काळजी डॉक्टरबाईंनी एका वाक्यात निकालात काढली. या वयात ती कातडी चिकटलेलीच असते, वर्षांनुवर्षं हळूहळू आपोआप सुटते, आणि या भेगा रोगाच्या नसून माझ्या बोटांच्या आहेत. "मलम लावा, आन् हात लावू नका. कापाचं काही काम नाही."

मग बाकीचे डॉक्टर अजून काहून करून राहिले, हा यजमानांचा प्रश्न. त्या हसल्या. "कोन्या लेकराले खरंच गरज राहते. बाकीच्यांत, काही करू नका म्हनलं त लोक दुसऱ्या डॉक्टरकडे जाते जी."

परतताना नदीवर लख्ख ऊन पडलं होतं. पोट भरलेलं बाळ सुनेच्या मांडीवर झोपलं होतं, यजमान दोन्ही पक्ष सोडून तिसऱ्यात गेले होते, आणि मी माझ्या हातांकडे पाहत होते. सुरी सुचवणाऱ्या त्या पहिल्या डॉक्टरला मी मनातल्या मनात आठवडाभर निर्दय म्हटलं होतं. माझ्या हातात सुरी नव्हती, एवढाच काय तो फरक. माया असली की काहीतरी केलंच पाहिजे, हे आम्हा दोघांना कुणी शिकवलं असेल?

दुसऱ्या दिवशी मी त्याला न्हाऊ घातलं. न्हाताना तो रोज किंचाळत असे, आणि 'आमचा बाळ्या पाण्याले भेते' असं मी शेजारणींना कौतुकाने सांगत असे. त्या सकाळी मी नुसतं कोमट पाणी सोडलं आणि हात आवरले, तर तो पाण्यावर थपडा मारत खदखदून हसला. पाण्याला तो कधी भ्यालाच नव्हता. सून टॉवेल घेऊन दारात उभी होती. मला तिच्याकडे पाहवेना.