स्तानरावांचा घुमट आणि आमची बिल्डिंग कमिटी

किस्से जमवावे लागत नाहीत. चार मराठी काका, एक थर्मास चहा आणि एक अजेंडा एका खोलीत ठेवा, दार लावून घ्या. दुपारपर्यंत किस्सा तयार! आमच्या मंडळाची बिल्डिंग कमिटी तर दर शनिवारी भरायची. त्या कमिटीत मी अख्खा हिवाळा काढला. डोकं फिरलं, पण साठा झाला.

गोष्ट २००३ च्या आसपासची. अमेरिकेत, मिशिगनमधल्या ट्रॉय गावातल्या आमच्या मंडळाने डेट्रॉइटच्या बाजूचं एक जुनं पोलिश चर्च विकत घेतलं. तिथल्या लोकांची मुलं सबर्ब्जमध्ये पांगली, प्रार्थनेला दहा-बारा म्हाताऱ्या उरल्या, चर्च बंद पडलं. हे ऐकून आमच्या काका लोकांना स्वतःची मुलं आठवायला हवी होती. नाही आठवली. आत गणपती बसवायचा, नाटकं करायची, असा बेत. आणि घुमटाखाली, ऑफिसात असतात तसल्या पांढऱ्या टाइल्सचं फॉल्स सीलिंग ठोकायचं, कारण हीटिंग सगळं वर जातं!

तसला घुमट मी कॉलेजात फक्त स्लाइडवर पाहिला होता. त्याच्याखाली टाइल्स ठोकलेल्या मला बघवल्या नसत्या. माझं भांडण एवढंच होतं.

*

मी कमिटीत शिरलो कसा? आर्किटेक्चर तिसऱ्या वर्षात सोडून घरी बसलो होतो. आई फोनवर सगळ्यांना सांगायची, "निनाद ब्रेकवर आहे." जसा काही मी लंचला गेलोय!

मंडळाचे अध्यक्ष सबनीस काका, रिटायर्ड हार्ट सर्जन. त्यांनी भर मीटिंगमध्ये माझं नाव सुचवलं. कोणीतरी म्हणालं, "पण त्याने तर अर्धवट सोडलंय."

"मग?" सबनीस काका म्हणाले, "बिल्डिंग आधीच बांधलेली आहे. अर्धा आर्किटेक्ट पुरे!"

*

चर्चच्या किल्ल्या वांडाबाईंकडे होत्या. वय ऐंशीच्या पुढे, पाठीत वाकलेल्या, डोक्याला रुमाल. त्या चर्चमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, लग्न झालं, नवऱ्याचं शेवटचंही तिथेच झालं. ज्याने चर्च बांधलं त्याच्या गोष्टी त्यांनी आजोबांकडून ऐकलेल्या. त्या पहिल्या दिवशी सांगू लागल्या, "हे स्तानिस्लावने बांधलं..." आणि पुढे आडनाव. त्या आडनावात जीभ ठेवायला जागा नव्हती.

"आपण स्तानराव म्हणू," गोखले काका म्हणाले. झालं! पोलंडचा माणूस एका सेकंदात सदाशिव पेठेत राहायला आला.

हे गोखले काका म्हणजे आमचे स्ट्रक्चरल एक्स्पर्ट. आयुष्यभर गाडीचे बंपर डिझाइन केले, म्हणून त्यांना घुमट कळतो. त्यांनी भिंतीवर दोनदा मूठ आपटली आणि निकाल दिला, "ओव्हर-डिझाइन आहे. अरे, केवढ्या या विटा! हा स्तानराव आमच्या कंपनीत असता ना, तर पहिल्या आठवड्यात काढला असता."

मी म्हटलं, "काका, हे शंभर वर्षांहून जास्त उभं आहे. तुमच्या बंपरची वॉरंटी किती?"

पुढचे दोन-तीन शनिवार ते माझ्याशी फक्त इंग्लिशमध्ये बोलले.

*

मग वास्तू. जिथे चाळीस इंजिनियर आणि पंधरा डॉक्टर असतात, तिथे वास्तू लागतेच. पुण्यातल्या एका वास्तुतज्ज्ञांना प्लॅन ईमेल केला. चर्च आहे हे मुद्दाम कळवलं नाही. कमिटीच्या मते त्याने ‘बायस’ झाला असता!

स्पीकरफोनभोवती सगळे कोंडाळं करून बसले. तज्ज्ञ म्हणाले, "दार पश्चिमेला, पूजेला उभ्या राहणाऱ्याचं तोंड पूर्वेला, मध्यभाग उंच आणि मोकळा. उत्तम! कोणाचा प्लॅन आहे?"

सबनीस काका चाचरत म्हणाले, "एक... स्तानराव म्हणून होते."

"वाटलंच," पलीकडून आवाज आला. "आपल्या माणसाशिवाय हे जमत नाही."

*

दारापाशी जुनं कन्फेशनचं कपाट होतं. लोक आत बसून पाद्रीबाबांना पापं सांगायचे ते. आमच्या मंडळींनी त्यात फळ्या मारल्या आणि चपला ठेवायला सुरुवात केली. मी ओरडलो, कोणी ऐकलं नाही. पुढच्या शनिवारी वांडाबाई आल्या. त्यांनी कपाट उघडलं. आत स्नीकर्स, कोल्हापुरी, काकूंच्या मोजड्या, वास. गोखले काका तर खांबामागे गेले.

वांडाबाईंनी बराच वेळ बघितलं. मग शांतपणे बूट काढून आत ठेवले.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "आम्हीही घाण इथेच ठेवून पुढे जायचो."

*

स्तानरावांवर स्मरणिकेत अर्धं पान द्यायचं ठरलं. आपल्याकडे माणसाची ओळख नावापासून नाही, डिग्रीपासून सुरू होते. तेव्हा गोखले काकांनी आपल्या मनाने लिहून टाकलं: ‘वॉर्सा येथून सिव्हिल इंजिनियरिंगमध्ये सुवर्णपदक’. मी तो मजकूर इंग्लिश करून वांडाबाईंना वाचून दाखवला. त्या रुमाल तोंडाला लावून हसायला लागल्या.

स्तानराव दुसऱ्या वर्षातच कॉलेज सोडून रशियाच्या झारविरुद्धच्या बंडात गेले होते! बंड फसलं, मागे पोलीस लागले. मग गवंड्यांबरोबर विटा रचत रचत जर्मनी, तिथून बोटीने अमेरिका. कागदावर डिग्री अशी काही नव्हतीच. चर्चेस मात्र कितीतरी बांधली.

कमिटीत सुतक पडलं. गोखले काका वर घुमटाकडे बघत म्हणाले, "मग हे उभं कसं?"

त्या दिवशी चहा द्यायला आलेल्या आईने माझ्याकडे बघितलं. मी आईकडे बघितलं. ती पुन्हा कप भरायला लागली.

स्मरणिका छापून आली तेव्हा सुवर्णपदक गेलं होतं. त्या जागी होतं: ‘पुढील शिक्षणासाठी अमेरिकेस प्रयाण’.

*

फॉल्स सीलिंगवर माझा सगळ्यात मोठा डाव वांडाबाईंनीच हातात दिला. स्तानरावांच्या काळीही एक कमिटी होती. म्हणजे माझ्यासारखाच छळ! तीही म्हणाली होती, थंडी फार, घुमट जरा खाली घ्या. स्तानराव बांधकामाच्या परांचीवर चढले आणि वरून म्हणाले, "खाली घेतो. पण मग देवाला आत यायला वाकावं लागेल."

मी हे मीटिंगमध्ये असं सांगितलं, असं सांगितलं, की माझ्याच अंगावर काटा आला. दोन सॉफ्टवेअरवाले तर "वा, यार" म्हणाले. मला वाटलं, जिंकलो!

सबनीस काकांनी चष्मा पुसला.

"आपला गणपती चार फुटांचा आहे," ते म्हणाले. "त्याला नाही वाकावं लागणार. नेक्स्ट आयटम."

*

मतदान फेब्रुवारीतल्या एका शनिवारी होतं. कॉन्ट्रॅक्टर सोमवारी कामाला येणार होता. बाहेर गुडघाभर बर्फ, आत आम्ही सगळे जॅकेट घालून. मी हात मोजून बघितले होते. माझ्या बाजूला मी, एक सॉफ्टवेअरवाला, आणि मतदानाचा हक्क नसलेल्या वांडाबाई.

त्या दिवशी सबनीस काकू वडे घेऊन आल्या. काकू प्रेमळ बाई. फक्त एक गोष्ट. त्या गातात. दर गणपतीला, दर संक्रांतीला, कोणाच्याही डोहाळजेवणाला. त्यांनी पेटी उघडली की लोकांना घरचा बेबीसिटर आठवतो. त्यांचा सूर स्केलच्या शेजारच्या घरात राहतो, मधेमधे खिडकीतून हात हलवतो. आणि हे त्यांना चाळीस वर्षांत कोणी सांगितलेलं नाही, नवऱ्याने तर नाहीच.

चहा व्हायला वेळ होता. काकू बरोबर घुमटाखाली जाऊन उभ्या राहिल्या, इकडेतिकडे बघितलं आणि एक भजन सुरू केलं.

मी डोळे मिटून घेतले. सवयीने.

सूर वर गेला. वर त्याचं काय झालं देव जाणे. आंघोळ करून, भांग पाडून खाली आला. गोल फिरला, मागच्या सुराला मिळाला, पुढच्याला हात दिला. सॉफ्टवेअरवाल्याने लॅपटॉप बंद केला. वांडाबाईंनी छातीवर क्रॉस केला. सबनीस काका हातात वडा धरून बायकोकडे असे बघत होते, जसं काही पाहण्याच्या कार्यक्रमात बघायचं राहून गेलं होतं.

भजन संपलं. बाकीचे घुमटाकडे बघत बसले. गोखले काका मात्र इंजिनियर. ते उठले, कडेच्या ओवरीत गेले. तिथे छत हाताला लागेल एवढं खाली.

"वहिनी, जरा इथे या. हेच पुन्हा म्हणा."

काकू खूश होऊन गेल्या. म्हणाल्या. दोन ओळीसुद्धा झाल्या नसतील.

"पुरे, पुरे!" गोखले काका किंचाळले. "मध्ये जा! पुन्हा मध्ये जा!"

काकू मध्ये गेल्या. घुमटाने त्यांना पुन्हा पदराखाली घेतलं.

गोखले काका खुर्चीत येऊन बसले. त्यांनी सबनीस काकांकडे बघितलं. सबनीस काकांनी वडा खाली ठेवला.

"मतदान," ते म्हणाले. "फॉल्स सीलिंगच्या बाजूने कोण?"

एक हात वर गेला. सबनीस काकूंचा.

"फार गारठा आहे हो इथे," काकू म्हणाल्या. "माझा घसा धरतो."

"विरोधात?"

बाकी सगळे हात वर. गोखले काकांचा सगळ्यात आधी. अध्यक्षांनी तर दोन्ही वर केले.

काकू बघतच राहिल्या. "अहो, पण प्रस्ताव तुमचाच होता ना?"

"होता," सबनीस काका म्हणाले. "तू स्वेटर घाल."