मोहाच्या झाडाचा कैवारी

कैवारी हा शब्द कुणी सहज उच्चारला, तरी अजून मला ते मोहाचं झाड आठवतं.

पन्नासच्या दशकात मी चांदा जिल्ह्यात, सिरोंच्याच्या वाटेवरच्या एका गोंडी गावात मास्तर होतो. शाळेला पक्की इमारत हवी होती आणि तपासणीला आलेल्या साहेबांच्या मनात भरलेल्या जागेवर नेमकं मोहाचं झाड उभं होतं. त्याच्या बुंध्याशी गावाचा पेन, म्हणजे देव. साहेब म्हणाले, तोडा. मला राहवेना. भोवती गाव उभं होतं. मी हात जोडले. "साहेब, भोळी माणसं आहेत ही, लाकडाला देव मानतात. थोडी वर्षं दम धरा. यांची पोरं शिकली की आपल्या हातानंच हे झाड तोडतील."

साहेब हसले. "तुम्ही तर यांचे कैवारीच निघालात!" झाड वाचलं, जागा बदलली.

मी असा काही फुगलो, की दुपारी चौथीच्या वर्गाला तोच शब्द फळ्यावर लिहून दिला. कैवारी, म्हणजे दुसऱ्याची बाजू घेऊन भांडणारा. माझे सहकारी मास्तर सिरोंच्याकडचे, घरी तेलुगू बोलणारे. ते दारातूनच म्हणाले, "आमच्यात कैवारम म्हणजे स्तुती. राजापुढे, देवापुढे गातात ती. तुमचा शब्द तिकडूनच आला असेल." असेल बुवा, म्हटलं. भांडणात स्तुतीचं काय काम, हे काही माझ्या डोक्यात शिरलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेनाचा म्हातारा पुजारी आला. सोबत त्याची नात, माझ्या चौथीतली पहिल्या नंबरची मुलगी. आभार मानायला आला असेल असं वाटून मी खुर्चीसुद्धा पुढे केली. तो बसला नाही.

"काल मी तिथीच होतो, गुरुजी. झाड वाचवलं तुमी, बेस केलं. पण पोरं शिकतीन अन् थेच झाड तोडतीन म्हने तुमी. माही नात शिकून राह्यली ना? मंग हीच तोडन?"

मी म्हणालो, "अहो बाबा, साहेबांना पटावं म्हणून बोललो ते."

"आमच्या देवाचा एक तरी चांगला बोल काहाडला का तुमी?"

नव्हता काढला. एकही नाही. मुलीनं शाळेचं पुस्तक माझ्या टेबलावर ठेवलं आणि आजोबाचा हात धरला. मला तिला थांब म्हणता आलं नाही. साहेबांपुढे मी जे बोललो होतो, ते मला खरंच वाटत होतं.