घोट्याकडचा कोपरा

लोक मला आज जखमांचा डॉक्टर म्हणून ओळखतात, ते विश्वनाथमामांमुळे. परतूर तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात ते जखमा धुऊन पट्ट्या बांधणारे ड्रेसर होते. माझ्या नात्यातले नव्हेत. पण शिपायापासून बाजारातल्या अडत्यापर्यंत सगळेच त्यांना मामा म्हणायचे. महिन्यापूर्वी त्यांच्या मुलीचा, सुनंदाचा फोन आला. माझे हात एका पेशंटच्या पायात गुंतलेले, म्हणून सिस्टरने रिसीव्हर माझ्या कानाशी धरला. "दादा, मामा गेले..." तीही वडिलांना मामाच म्हणायची. मी ड्रेसिंग पूर्ण केलं, पट्टीची गाठ मारली आणि मगच बाहेर येऊन बसलो. अर्धं ड्रेसिंग टाकून उठलेलं मामांना चाललं नसतं.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी त्या दवाखान्यात रुजू झालो. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर, त्यामुळे पुस्तकात आहे ते सगळं खरं, अशी माझी ठाम समजूत. पुस्तकात चांदीचं मलम होतं. मामांचा विश्वास पिवळ्या औषधावर. त्यात भिजवलेला गॉज त्यांनी हजारो जखमांवर ठेवला असेल. आमचा वाद रोजचाच. "साहेब, तुमचं मलम दिसायला लोण्यावानी हाय," ते म्हणायचे, "पण जखमेला काय भाकरी खायचीय?"

त्या हिवाळ्यात वाटूरची शांताबाई आली. नवऱ्याबरोबर अंकुशनगरच्या साखर कारखान्यावर ऊसतोडीला गेलेली, तिथे उसाच्या गाडीचं चाक नडगीवरून गेलं होतं. हाड शाबूत होतं; पण गुडघ्याखालपासून घोट्यापर्यंत जखम उघडी पडलेली आणि पू धरलेली. मी औरंगाबादला पाठवायची चिठ्ठी लिहायला घेतली आणि पाय कापावा लागेल, हेही बोलून गेलो. शांताबाई रडली नाही. म्हणाली, "मंग आमचा कोयताच मोडला म्हणा की." ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणतात. एकटा माणूस अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला मुकादम टोळीत घ्यायला नाखूश असतो.

मामांनी माझं पेन अडवलं. "ताप न्हाई, बोटं गरम हायेत, रगत पोचतंय. तीन हप्ते द्या. अर्ध्या जखमेवर तुमचं, अर्ध्यावर माझं. बराबर कळंल."

मामांची एक रीत होती. निकामी एक्स-रे फिल्म सोड्याच्या गरम पाण्यात धुऊन ते काचेसारखी पारदर्शक करत, स्पिरिटने पुसून जखमेवर अलगद धरत आणि पेनने कड काढून घेत. फिल्म कुठूनही सारखीच दिसते, म्हणून घोट्याकडचा एक कोपरा कात्रीने कापायचा. आम्ही गुडघ्याकडच्या अर्ध्या भागावर पिवळं औषध लावलं, घोट्याकडच्या अर्ध्यावर मलम. दर तिसऱ्या दिवशी नवी फिल्म.

दोन आठवड्यांनी मी ताजी फिल्म खिडकीशी धरली. वरचा भाग चांगला आक्रसला होता, खालचा तसाच रुंद. म्हणजे पिवळं जिंकलं. मन खट्टू झालं. तरी मी केसपेपर ओढला आणि लिहिलं : उद्यापासून पूर्ण जखमेवर पिवळं. सही केली आणि म्हणालो, "मामा, तुम्ही जिंकलात."

मामा फिल्मकडे बघून हसले. "साहेब, बाईला उलटं टांगलं की काय? कोपरा बघा, वर हाय."

त्यांनी माझ्या हातातली फिल्म फिरवली. आक्रसलेला भाग खाली, घोट्याकडे गेला. म्हणजे माझ्या मलमाकडे.

"तुम्ही गप्प बसला असता तर..."

"तीस वर्षं पिवळ्यावर काढली मी," ते म्हणाले. "पण पाय तिचा हाय. खोडा ते, जल्दी."

मी माझी सही खोडली आणि पूर्ण जखमेवर मलम लिहिलं. पुढे जखम लालबुंद, स्वच्छ झाली आणि फिल्मवरची कड हलेनाशी, म्हणजे जखम आक्रसेनाशी झाली, तेव्हा मलमही थांबवायला त्यांनीच सांगितलं. "साफसफाई झाली, आता औषधाला सुट्टी द्या. नवं कातडं येऊ राह्यलंय, त्याला तरास नको." मग नुसता सलाईनचा गॉज. शांताबाई होळीच्या आधी स्वतःच्या पायांनी एसटीत चढली. पुढच्या हंगामात नवऱ्याबरोबर पुन्हा उसात गेली. जाताना मामांना म्हणाली, "कोयता शाबूत हाय बरं का!"

सगळ्या जखमा अशा भरत नाहीत, मलमही दर वेळी जिंकत नाही. म्हणून मी अजून मोजतो.

गेल्या आठवड्यात परतूरला गेलो. सुनंदाने एक्स-रेचं जुनं खाकी पाकीट माझ्या हातात दिलं. आत शांताबाईच्या फिल्म होत्या, कडा पुसट झालेल्या, कोपरे मात्र कापलेले. त्यांच्यामध्ये एक निळं अंतर्देशीय होतं. औरंगाबादला सर्जरी शिकत असताना मी पाठवलेलं.

"ती. मामांस, सा. न.

आज वॉर्डात फिल्म कापत होतो. सरांनी विचारलं, हा कोपरा कशाला? मी म्हणालो, घोटा कुठे ते कळायला. तेवढंच सांगता आलं. खरं उत्तर तुम्हाला लिहितो. त्या दिवशी मी तुम्हाला जिंकवलं होतं, सहीसुद्धा केली होती, आणि तुम्ही फिल्म फिरवलीत. मलम मला पुस्तकाने शिकवलं. फिल्म फिरवायला तुम्ही शिकवलंत. इथे एका पेशंटवर माझं आवडतं औषध हरतंय, असं दिसतं आहे. मी कोपरा दोनदा पाहिला. सकाळी ते बदलतो आहे.

आपला,
उलटी फिल्म धरणारा डॉक्टर"